बाबांच्या महिन्याचं चित्र

गोल घड्याळाशी माझं कधीच पटलं नाही. त्यात कालचे तीन आणि आजचे तीन एकाच जागी येऊन बसतात, आणि काल तीन वाजता आपण कुठे होतो याचा मागमूस उरत नाही. दिवस एकमेकांवर रचून ठेवायची ही कुठली पद्धत? ते शेजारी शेजारी मांडले तर दिसतील तरी. हे माझं मत मी पुष्कळांना ऐकवलं, आणि बहुतेकांनी "तुला दुसरं काम नाही का," असं विचारलं.

काम होतं. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही पुण्याहून बंगळूरला आलो आणि मला होसूर रोडवरच्या एका कपड्यांच्या कारखान्यात उत्पादनाचं वेळापत्रक सांभाळायची नोकरी लागली. दिवसभर कॉम्प्युटरवर स्प्रेडशीट. कुठल्या ओळीवर किती शर्ट, कधी सुरू, कधी संपणार. जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या बायका स्वेटर विणायच्या, मी त्याच स्प्रेडशीटमध्ये वेळेची चित्रं काढायची. कॉलम इतके अरुंद करायचे की प्रत्येक चौकट चौरस होते. एक चौकट म्हणजे पाच मिनिटं, एक आडवी ओळ म्हणजे एक दिवस. आकडे नाहीत, अक्षरं नाहीत, नुसते रंग. झोप निळी, बस पिवळी, स्वयंपाक तांबडा. त्या काळच्या स्प्रेडशीटला दोनशे छप्पन्नच कॉलम असत आणि पाच मिनिटांच्या हिशेबानं अख्खा दिवस त्यात मावत नसे. म्हणून माझा दिवस पहाटे पाचला उगवायचा आणि रात्री नऊला मावळायचा. महिनाभर भरलं की पडद्यावर एक रंगीत सतरंजी तयार व्हायची. ती बघताना मला जे सुख व्हायचं ते कुणाला समजावून सांगता आलं नाही. नवरा म्हणायचा, "ब्युटिफुल आहे, पण यूज काय?"

आई गेली त्या वर्षी एप्रिलमध्ये बाबा आमच्याकडे आले. मी एकुलती एक. साताऱ्याच्या घराला कुलूप लावून त्यांना घेऊन आले तेव्हा ते गाडीत एवढंच म्हणाले, "जावयाच्या घरी राहायचं म्हणजे..." आणि पुढचं वाक्य त्यांनी खिडकीबाहेर बघत गिळून टाकलं. आमचं घर कोरमंगलात होतं, दुमजली. खाली घरमालकीण राहायच्या. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचं, पण घरात मराठी. आम्ही त्यांना अक्का म्हणायचो.

बाबा बस स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. गाडी कधी आली, कधी सुटली, किती मिनिटं उशीर, हे त्यांनी आयुष्यभर लिहिलं. आमच्या घरातली घड्याळं पाहून ते पहिल्याच दिवशी हबकले. हॉलमधलं घड्याळ आम्ही पंधरा मिनिटं पुढे ठेवलेलं, झोपायच्या खोलीतलं पंचवीस. नवऱ्याला सकाळी उठवायला तेवढी थाप मारावीच लागे, आणि कुठल्या घड्याळातून किती वजा करायचे हे आम्हाला पाठ होतं. बाबांनी उपकार म्हणून हॉलमधलं घड्याळ गुपचूप बरोबर लावून दिलं. नवऱ्यानं सवयीनं पंधरा मिनिटं वजा केली आणि त्याची कंपनीची बस चुकली. तो हसला, पण बाबा शरमेनं काळेठिक्कर पडले. त्यानंतर त्यांनी आमच्या घड्याळांकडे मान वर करून पाहिलं नाही. टीव्ही त्यांना मानवत नसे, डोळ्यांतून पाणी येई. त्यांच्यापुरतं त्यांचं मनगटावरचं जुनं किल्लीचं घड्याळ खरं. तीस वर्षं त्यानं त्यांना दगा दिला नव्हता.

जूनमध्ये मुलीची शाळा सुरू झाली. ती पाच वर्षांची होती. तिची बस सव्वातीनला कोपऱ्यावर यायची आणि तिला आणायचं काम बाबांनी स्वतःहून मागून घेतलं. ते अर्धा तास आधी निघायचे. गाडीच्या आधी प्रवासी हजर पाहिजे, असं म्हणायचे.

पहिल्याच आठवड्यातल्या शुक्रवारी मुलगी बसमधून उतरली तेव्हा बाबा तिथे नव्हते. कोपऱ्यावर इस्त्रीची गाडी लावणाऱ्या बाईनं तिला हाताला धरून उभं केलं. सात-आठ मिनिटांनी बाबा शांतपणे चालत आले आणि बस येऊन गेलीय हे कळल्यावर मटकन फुटपाथवर बसले. मला ऑफिसात फोन आला तो अक्कांचा. पोर सुखरूप घरी आहे म्हणाल्या, म्हणून ऑफिस सुटेपर्यंत थांबले. सात-आठ मिनिटांना मोठ्या माणसांच्या जगात काही किंमत नाही. पण रस्त्याच्या कडेला एकटी उभी असलेली आपली पोर डोळ्यांपुढे आली की कळतं. मी बसमध्ये बसून रडत घरी आले. घरात पाऊल टाकलं तर बाबा अंधारात बसलेले. घड्याळाकडे बघून म्हणाले, "आज लवकर सुटलीस?"

मी रोजच्याच वेळेला आले होते. सात वाजले होते.

तेव्हा मला एकेक आठवायला लागलं. असं "आज लवकर?" त्यांनी आधीही विचारलं होतं. एकदा म्हणाले होते, "बंगळूरला अंधार फार लवकर पडतो, नाही?" कधी दुपारचं जेवण एकला जेवायचे, कधी बाराला. आणि दुसऱ्या दिवशी अगदी ठणठणीत, मुलीला पाढे शिकवत बसलेले. आमच्या एका लांबच्या आत्याची सुरुवात अशीच झाली होती. आधी वेळ गेली, मग रस्ते, मग माणसं. शेवटी शेवटी तिला स्वतःचा मुलगा ओळखू येत नव्हता.

नवरा म्हणाला, "डिले नको. न्यूरॉलॉजिस्टला दाखवू." डॉक्टरांनी बाबांना बाहेर बसवून आमच्याशी बोलणं केलं. म्हणाले, एका प्रसंगावरून काही सांगता येत नाही, महिनाभर काय चुकतं आणि केव्हा चुकतं ते लिहून आणा, मग पुढच्या तपासण्या ठरवू. त्यांनी त्या आजाराचं नाव घेतलं नाही. मीही विचारलं नाही. नाव घेतलं की तो घरात येऊन बसेल असं वाटलं.

मी दिवसभर कामावर. मग अक्कांना विचारलं. बाबांना त्या अण्णा म्हणायच्या. त्या म्हणाल्या, "सरी, ठीक आहे, मी लिहिते की. अण्णा जाताना-येताना माझ्या दारासमोरूनच जातात. मला काय, दुपारचं बसूनच असते मी." मी म्हटलं, नुसत्या चुका नकोत, सगळंच लिहा. चुकाच लिहिल्या तर नुसत्या चुकाच दिसतात. पाच गोष्टी ठरवल्या: सकाळी फिरायला जाणं, गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी, जेवणानंतर अंगणात शतपावली, बसला जाणं आणि संध्याकाळी बागेत जाणं. अक्कांचं घड्याळ टीव्हीच्या बातम्यांशी जुळवलेलं असे. सव्वातीनला त्या स्वतःच कोपऱ्यावरच्या दुकानाच्या आडोशाला जाऊन उभ्या राहायच्या, म्हणजे मुलगी एकटी पडायला नको. बाबांच्या पाठीमागे आपण त्यांच्यावर पाळत ठेवतोय याची मला लाज वाटत होती. पण भीती लाजेपेक्षा मोठी होती.

तो महिना मी कसा काढला ते मलाच ठाऊक. बाबांनी चष्मा शोधला तरी माझ्या काळजात धस्स व्हायचं. एकदा त्यांनी मला आईच्या नावानं हाक मारली. तशी ते मी लहान असल्यापासून मारायचे, पण त्या दिवशी मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारून घेतलं. मी त्यांच्याशी जरा जास्तच मोठ्यानं आणि सावकाश बोलायला लागले होते. ते ऐकून घ्यायचे. मुलीच्या घरी कशाबद्दल बोलायचं नाही, हा नेम त्यांनी मोडला नाही. चहात साखर कमी पडली तरी सांगायचे नाहीत.

अक्कांची वही माझ्याकडे आली ती महिना भरल्यानंतरच्या शुक्रवारी. जुन्या डायरीची कोरी पानं, त्यावर नीटनेटकं अक्षर आणि वेळा. सकाळी साडेपाच, पाच सदतीस, पाच पंचेचाळीस. वाचून काही अर्थ लागेना. कधी लवकर, कधी उशीर, सगळा गोंधळ. डॉक्टर हेच बघणार आणि मान हलवणार, असं मनात आलं. दुपारी जेवणाचा डबा न उघडता मी स्प्रेडशीट उघडली. त्यात काही शोधायचं म्हणून नव्हे. हात रिकामे राहू नयेत म्हणून.

पहाटे पाचपासून कॉलम. अठ्ठावीस ओळी, सोमवारपासून. फिरायला जाणं हिरवं, कुंड्या निळ्या, शतपावली तांबडी, बस पिवळी, बाग जांभळी. एकेक चौकट भरत गेले. पहिला आठवडा भरून झाला तेव्हा मी हात थांबवला.

पाच रंगांच्या पाच रेघा पडद्यावर उतरत होत्या. सोमवारी डावीकडे, मंगळवारी जरा उजवीकडे, बुधवारी आणखी जरा. शनिवारपर्यंत सगळ्या सारख्याच तिरक्या, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या. पुढच्या सोमवारी पुन्हा डावीकडे, आणि पुन्हा तसाच जिना. मी भराभरा उरलेले तीन आठवडे भरले. चारही आठवडे तेच. कुठे एक-दोन चौकटींचा फरक, बाकी पट्टी ठेवून आखल्यासारखं.

मी खुर्चीत मागे रेलले आणि स्वतःशी मोठ्यानं म्हणाले, "विसरणारा माणूस असा सरळ रेषेत विसरत नाही." शेजारच्या टेबलावरची बाई दचकून बघायला लागली. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही. डॉक्टर काय म्हणतील ते म्हणोत. ज्याचं डोकं ढळतंय तो सकाळचं फिरणं आणि संध्याकाळची बाग रोज तेवढ्याच मिनिटांनी मागे नेणार नाही. नक्की काय चुकतंय ते अजून कळलं नव्हतं, पण जे चुकतंय ते बाबांच्या डोक्याबाहेर आहे एवढं त्या सतरंजीवर लख्ख दिसत होतं. माझा जीव भांड्यात पडला.

मग रविवारची ओळ नीट पाहिली. रविवारी फिरायला जाणं आठवड्यात सगळ्यात उशिरा, जवळजवळ तासभर. कुंड्यांचंही तसंच. आणि त्याच दिवशी शतपावली मात्र अगदी वेळेवर. म्हणजे दर रविवारी सकाळी, कुंड्यांना पाणी घालून झाल्यावर आणि जेवणाच्या आधी, काहीतरी होत होतं. रविवारी सकाळी बाबा काय करतात? साताऱ्याला माझ्या सख्ख्या आत्याला फोन करायला कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर जातात, जावयाच्या बिलात भर नको म्हणून.

ऑफिसात एकच रंगीत प्रिंटर होता आणि तो साहेबांच्या केबिनमध्ये. मी परवानगी न मागता दोन कागद छापले आणि चिकटपट्टीनं जोडले.

शनिवारी सकाळी तो कागद मी जेवणाच्या टेबलावर पसरला आणि बाबांना सगळं सांगून टाकलं. डॉक्टर काय म्हणाले, अक्कांनी काय लिहिलं, सगळं. मला वाटलं होतं ते दुखावले जातील. त्यांनी चष्मा लावला. "म्हणजे महिनाभर माझी हजेरी घेत होता होय?" असं म्हणाले, पण नजर कागदावरून हलली नाही. कुठली ओळ कुठला दिवस, हे त्यांना एकदाच सांगावं लागलं. तीस वर्षं गाड्यांच्या वेळा वाचलेला माणूस. बोट ठेवत ठेवत ते वरून खाली आले, पुन्हा वर गेले.

"रविवारी बूथवर काय होतं, बाबा?" मी विचारलं.

"काय व्हायचंय? फोन झाला की यंत्रातून चिठ्ठी निघते. तिच्यावर वेळ छापलेली असते. तिच्यावरून मी घड्याळ लावतो."

"दर रविवारी ते मागे असतं?"

ते हळू आवाजात म्हणाले, "तासभर. दर रविवारी. मला वाटलं, एखाद्या सकाळी मी किल्ली द्यायचीच विसरतोय आणि ते रात्रीतून बंद पडतंय. म्हणून डायरीत खूण करायला लागलो. किल्ली दिली की एक टिंब. टिंबं सगळी होती. मग वाटलं, किल्ली न देताच टिंब काढत असेन."

हा माणूस तीन महिने माझ्या घरात रोज सकाळी एक टिंब काढून स्वतःला तपासत होता आणि मी त्याच्याशी मोठ्यानं, सावकाश बोलत होते.

त्यांनीच पुन्हा बोट कागदावर ठेवलं. आता आवाज बदलला होता, स्टँडवरचा झाला होता. "हे बघ. बंद पडून पुन्हा चालू झालं असतं, तर एका दिवसात मोठी उडी दिसली असती. चार दिवस सरळ, मग एकदम उडी. इथं उडी कुठंय? रोज थोडं, रोज थोडं. सारखं. अगं, गाडी वेळेवर निघत होती. घड्याळच मंद चालतंय!"

आम्ही तेव्हाच टेलिफोनवर वेळ सांगणारा नंबर फिरवला आणि घड्याळ सेकंदाला जुळवलं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा फिरवला. आठ मिनिटं मागे. बाबांनी मला रिसीव्हर दिला, पुन्हा स्वतः घेतला, पुन्हा ऐकलं, आणि लहान पोरासारखे हसले. नवरा खोलीतून डोळे चोळत बाहेर आला. "काय झालं?" बाबा त्याला म्हणाले, "जावईबापू, घड्याळ बिघडलंय!" लॉटरी लागल्यासारखं सांगितलं त्यांनी ते. आईच्या जाण्यानंतर त्यांचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता.

अव्हेन्यू रोडवरच्या घड्याळजीनं मागचं झाकण उघडलं आणि भिंगातून बघत सांगितलं की आतलं तेल वाळून गेलंय, कित्येक वर्षांत साफसफाई झालेली नाही. डॉक्टरांकडे ठरल्या दिवशी गेलोच. त्यांनी कागद बराच वेळ पाहिला, मग बाबांना समोर बसवून तास-दीड तास काय काय विचारलं, शब्द लक्षात ठेवायला लावले, उलटे आकडे म्हणायला लावले. बाबांनी उलटे आकडे माझ्यापेक्षा जलद म्हटले. डॉक्टर म्हणाले, यांना काही झालेलं नाही, दुःख झालंय, आणि ते वेळेनं कमी होईल. तो कागद त्यांनी स्वतःसाठी ठेवून घेऊ का असं विचारलं. मी उदारपणे दिला. नवरा परतताना म्हणाला, "ओके, यूज आहे." मी त्याला त्या दिवशी माफ केलं.

घड्याळ दुरुस्त होऊन आलं त्या संध्याकाळी बाबांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून घडी केलेला कागद काढला आणि माझ्या हातात दिला. "हे फाडून टाक. आता लागायचं नाही." कागद घड्यांवर मऊ झाला होता. आत कन्नडमध्ये काहीतरी लिहिलेलं. मला कन्नड बोलता थोडंफार यायचं, वाचता अजिबात नाही. काय आहे विचारलं तर म्हणाले, "काही नाही, पत्ता आहे," आणि मुलीला घेऊन गॅलरीत गेले.

मी खाली गेले. अक्का तांदूळ निवडत होत्या. कागद पाहून त्यांचा हात थांबला.

"हे मीच लिहून दिलंय. बस चुकली त्याच्या पुढच्याच शुक्रवारी. त्यांनी सांगितलं तसं लिहिलं. तुला सांगू नका म्हणून शपथ घातली होती गं."

"वाचून दाखवा."

त्यांनी चष्मा लावला आणि कन्नड वाचत वाचत मराठीत सांगत गेल्या. मी इथे कोरमंगलात मुलीकडे राहतो. मला कन्नड येत नाही. वाट चुकलो असेन तर या पत्त्यावर सोडा. मुलगी कामावर असते. तिच्या ऑफिसात फोन करू नका, तिला सुट्टी घ्यावी लागते. मला गेटपाशी बसवून जा. ती येईपर्यंत मी बसून राहीन.

अक्कांनी कागदाची पुन्हा घडी घातली. मी त्यांच्या पायरीवर बसले आणि पोटभर रडले. त्यांनी तांदळाचं सूप माझ्याकडे सरकवलं, आणि मी थोडा वेळ तांदूळ निवडले.

वर जाऊन मी बाबांना रागावले. अगदी मनापासून रागावले, आधीसारखी, सावकाश वगैरे न बोलता. ऑफिसचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून फोनशेजारी चिकटवला आणि बजावलं की यापुढे काहीही वाटलं तर फोन करायचा. मीटिंग असो, साहेब असो, काहीही असो. ते म्हणाले, "बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला टेबलावरचा फोन वाजला. ऑपरेटर म्हणाली, वडिलांचा आहे.

"बाबा? काय झालं?"

"काही नाही," ते म्हणाले. "कुंड्यांना पाणी घातलं. बाराला जेवेन. सहज केला फोन."